अण्णांचं बटण

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या वर्षीचा एक गुरुवार. सकाळचे सव्वाअकरा. बाहेर लख्ख ऊन. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा, तीन खोल्यांचा फ्लॅट.

लोकांची घरं स्मार्ट करून द्यायचं माझं काम. दिवे, पंखे, कुलपं, सगळं मोबाइलवर. त्यासाठी घरात एक हब लागतो, सगळ्या उपकरणांना एकत्र बांधणारी छोटी डबी. आमचा हब जुना झाला होता. कुणाचं ॲप सोपं, कुणाचा हब इंटरनेट गेलं तरी चालतो, अशी आठवडाभर तुलना करून मी दुसऱ्या कंपनीचा आणला.

अण्णा, माझे वडील, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायूने वाचा गेली होती. उजवा अंगठा तेवढा हलायचा. म्हणून त्यांच्या हाताशी मी एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरातल्या हबमधून बेल वाजायची, आणि ही, माझी बायको, हातातलं टाकून धावायची.

"आधी अण्णांचं बटण जोडा हो," ही म्हणाली.

"दिवे होऊ देत. दहा मिनिटांचं काम आहे."

जुना हब काढला. नव्यावर हॉलचे दिवे काही केल्या जोडले जाईनात. मीही हट्टाला पेटलो. दहाची पन्नास मिनिटं कधी झाली, कळलं नाही.

मग आतून हिची हाक आली.

"अहो...!"

अण्णा गेले होते.

अंगठा बटणावरच होता. घट्ट दाबलेला.

डॉक्टर म्हणाले, "साडेअकराच्या सुमारास गेले असावेत. तुम्ही शेजारी असतात तरी हातात काही नव्हतं."

ही माझ्याकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

महिना गेला.

एका सकाळी, अकरा अडतीसला... बेल वाजली.

बटण कपाटात होतं. नव्या हबला मी ते कधी जोडलंच नव्हतं.

बेल थांबली... परत वाजली.

सतरा वेळा.

दुसऱ्या दिवशीही तेच. तीच वेळ. तेच सतरा.

बटणातला सेल काढून टाकला. वाजली. हब बदलून तिसऱ्या कंपनीचा आणला. मग चौथ्या. तो नुसता खोक्यातून काढून प्लगला लावला. उपकरणांची यादी कोरी.

अकरा अडतीस... बेल.

"हब बदलून काय होणार आहे?" ही म्हणाली. "एकदा जा ना त्यांच्या खोलीत. बोलावताहेत."

"तूच जाऊन बघ."

"मी रोज जाते. मी गेले तरी थांबत नाही."

मला धीर झाला नाही. त्या वेळेला मी बाहेरची कामं काढू लागलो.

असाच एकदा गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर होतो. हिचा फोन आला.

"तुम्ही घरी आलात का?"

"नाही गं. का?"



"अहो, बेल वाजली. आज तीनदाच. मग अण्णांच्या खोलीतून तुमचा आवाज आला."

"माझा? काय... काय म्हणालो?"

"आलो, अण्णा."

मी शिडीला घट्ट धरून उभा राहिलो.

त्या दिवसापासून बेल बंद आहे. ही म्हणते, सुटले बिचारे.

आता अकरा वाजले की मी हातातलं काम टाकून घरी येतो. त्यांच्या रिकाम्या कॉटशेजारी बसतो. अडतीस होतात. चाळीस होतात. कुणी बोलावत नाही.

त्या दिवशी त्यांच्याकडे कोण गेलं होतं, मला माहीत नाही.

मी नव्हतो.