शिसं काढलेलं जाळं

कासव जिवंत होतं, हेच पहिलं नवल.

जाळ्यातलं कासव सहसा मेलेलंच निघतं. श्वासाला वर येता येत नाही, बिचारं गुदमरतं. हे मात्र पाण्यावर मान काढून फुसफुसत होतं. मत्स्यखात्याच्या रेमेदिओसबाईंनी दोरे कापले, तर पठ्ठ्या त्यांनाच चावला.

"करा अजून समाजसेवा!" होडी हाकणारा बेतो हसला.

जाळं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मोठ्या भोकांचं, तोतोआबा माशाचं. असल्या जाळ्यांत अडकून आखातातल्या डॉल्फिनसारख्या वाकिता संपत आल्या. इवलासा जीव तो, जगात दुसरीकडे कुठे नाही. म्हणून जाळ्यांवर बंदी. पण तोतोआबाच्या पोटातलं भोत, म्हणजे हवेची पिशवी, सोन्याच्या भावात जातं, मग बंदीला कोण विचारतो?

जाळ्याला लाल बोया होता, त्यावर पांढरा तारा. म्हाताऱ्या फाउस्तिनोची खूण, गावात पोरंसोरंही ओळखतील. बाईंनी जाळं एकटीनेच होडीत ओढून घेतलं आणि जरा थबकल्या.

किनाऱ्यावर फाउस्तिनोची मुलगी नेरेदा शिंपल्यांची टपरी चालवायची. म्हातारा तिथेच बसला होता. वारा सुटलेला, टपरीच्या ताडपत्रीच्या कडेला ओवलेले करडे मणी खडखडत होते.

"जाळं तुमचं?" बाईंनी विचारलं.

"माझंच. बंदी आल्यापासून पडवीत पडून होतं."

"पाण्यात कुणी टाकलं?"

"मेरीमातेची शपथ, मी नाही!"

"पडवीला कुलूप?"

"आमच्यात काय चोरायचंय, बाई? ह्या कुस्तोदिओला विचारा. माझ्या वाइटावरच टपलाय मेला!"

शेजारचा कुस्तोदिओ शिंपल्या चोखत बेतोकडून कासवाची हकिगत ऐकत होता. "मी टाकलं असतं, तर कासव जिवंत निघालं असतं होय रे, म्हाताऱ्या?"

नेरेदा चुलीपासून पुढे आली. तिने एकच विचारलं, "होडी जप्त होणार ना?"

"गुन्हा ठरला तर होडी जाईल, परवानाही जाईल."

ती चुलीकडे वळली.

बाईंनी कुस्तोदिओला घरी पिटाळलं आणि ताडपत्रीची कड हातात घेतली.

"चोर जाळ्याला बोया लावत नाही, फाउस्तिनो. आम्हाला दिसू नये म्हणून जाळं बुडवून ठेवतो. इथे तर तुमच्या नावाची पाटीच लावली होती. म्हणजे ते सापडावं, तुम्ही अडकावं, हाच बेत. मला आधी कुस्तोदिओच वाटला. पण एवढं जाळं माझ्या एकटीने ओढलं कसं गेलं? खालच्या दोरीचं वजनाचं शिसंच काढलेलं. असं जाळं वर तरंगतं. तोतोआबा खालून निघून जातो, आणि कासव अडकलं तरी श्वास घेतं. कुस्तोदिओला कासवाची कसली आलीय दया? तुम्हाला अडकवणाऱ्याला एकही जीव मारायचा नव्हता." त्यांनी कडेचा मणी दाबून पाहिला. "आणि काढलेलं हे शिसं समुद्रात फेकायला हात धजला नाही. कोळ्याच्या घरात शिसं टाकून देत नाहीत. होय ना, नेरेदा?"

म्हातारा उठलाच. "तू? स्वतःच्या बापाला?"

"मग काय करू, बाबा?" नेरेदाला रडू फुटलं. "त्या भोतवाल्या टोळीसाठी तोतोआबा धरायला तुम्ही हो म्हणालात! माझ्या नवऱ्याला, अन्सेल्मोलाही असंच नेलं. परत काय आलं? रिकामी होडी!"

"नाही म्हटलं असतं तर मारलं असतं गं मला."

"म्हणूनच ना! होडीच नसली तर तुम्हाला कशाला नेतील? सरकारला शिव्या देतील आणि दुसरा शोधतील."

बाईंनी कपाळाला हात लावला. खरं लिहावं, तर मुलीला शिक्षा आणि बापाची होडी शाबूत. होडी शाबूत म्हणजे टोळी दारात. खोटं लिहावं, तर म्हातारा जन्माचा चोर ठरणार. कुठूनही सुटका दिसेना.

फाउस्तिनोने होडीकडे पाहिलं. मग जाऊन त्याने स्वतःच तिचा दोर सोडला आणि बाईंच्या हातात दिला.

"लिहा. जाळं माझं, टाकलं मीच."

"बाबा, नको!" नेरेदा ओरडली.

"गप गं. बाई, बाजारासमोरून ओढत न्या, सगळ्यांना दिसू दे. मी मागनं शिव्या घालीन. मनावर घेऊ नका."

बाईंनी दोर घट्ट धरला.

बेतोने ती खात्याच्या होडीला बांधून ओढायला घेतली. म्हातारा पाण्याकाठाने मागे मागे निघाला, सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बाजारातली माणसं बाहेर आली. टोळीची माणसंही आली.

माशांच्या धक्क्यापाशी पोचेपर्यंत म्हातारा खरोखरच रडत होता.