मागची डावी सीट

गॅरेजमधले सगळे त्याला ‘मीटर’ म्हणत. गाड्यांचं वायरिंग बघणारा हा माणूस मीटरचा काटा हलल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे. घरात कुणाला ताप आला तरी नुसता कपाळाला हात लावून त्याचं समाधान व्हायचं नाही.

धाकटी बहीण नवऱ्यासोबत आपली जुनी गाडी घेऊन आली, तेव्हाही त्याने तिचं गाऱ्हाणं आधी हसण्यावारीच नेलं. गाडीच्या चारही काचा मधेच बंद पडतात, वर होत नाहीत की खाली, असं ती सांगत होती. तिचे दिवस भरत आले होते. एसी कधीचाच गेला होता आणि बंद काचांत तिचा जीव गुदमरायचा. पोटावर पट्टा नको म्हणून ती मागे, डाव्या बाजूला बसायची. ऐन वेळी काचा उघडल्या नाहीत तर दवाखान्यापर्यंत जायचं कसं, याची तिने धास्तीच घेतली होती.

“बघ, दादा, तुझ्यासमोर कशा शहाण्यासारख्या चालतील,” ती म्हणाली.

चालल्याच. फ्यूज ठीक, रिले ठीक, मोटारी ठणठणीत. मीटर डोकं खाजवत बसला. मग त्याने बहिणीला तिच्या नेहमीच्या जागी बसवलं आणि बटण दाबलं. काचा ढिम्म. तिला उतरवलं, की काचा सुरळीत. त्याची कळी खुलली. वजनाने सीटखाली वायर दबतेय, दुसरं काय! गादी काढून बघितली, तर लोखंडी चौकटीखाली एक वायर खरंच सोलवटली होती. त्याने ती जोडली, टेप गुंडाळली आणि सगळ्या वायरी सीटखालून काढून दाराच्या कडेने नेल्या. बहिणीला पुन्हा बसवलं. काचा चालल्या. ती गॅरेजमागच्या घरात आडवी व्हायला गेली. तिला सोडून कामावर गेलेला नवरा गाडी न्यायला परत येणार होता, तोवर मीटर एकटाच एक चक्कर मारायला निघाला.

पहिल्याच वळणावर काचा बंद पडल्या.

त्याने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. गाडी झाडाखाली घेऊन त्याने मागचं दार उघडलं. गादी डाव्या बाजूला खोल दबलेली होती. जुना स्पंज, बसला असेल, असं म्हणत त्याने शेजारची जागा तळहाताने दाबून पाहिली. ती लगेच फुगून वर आली. डावी बाजू आली नाही. पण वायर तर आता तिथे नव्हतीच! मीटर लावलं. बटणापर्यंत करंट येत होता, पुढे जात नव्हता, आणि तार कुठेही तुटलेली नव्हती. त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्याने दबलेल्या जागेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. गादी कोमट होती.

तो परतला तेव्हा बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. नवरा तिला धरून दारात उभा होता. गॅरेजात दुसरी धड चालणारी गाडी नव्हती.

मेहुण्याने किल्ली फिरवून बटण दाबलं. काचा ढिम्म.

“मी नाही बसणार यात,” बहीण धापा टाकत म्हणाली. “दादा, मला श्वास नाही पुरणार रे.”

मीटरला रडू यायचंच बाकी होतं. काय करावं, सुचेना. शेवटी त्याने स्वतःलाही न पटणारी गोष्ट केली. मागचं डावं दार सताड उघडलं आणि वाकून रिकाम्या सीटला हलक्या आवाजात म्हणाला, “उतरा आता. तिला जायचंय.”

क्षणभर काहीच झालं नाही.

मग गादी फुगून वर आली.

गाडी त्या बाजूने जराशी उचलली गेली, कुणी उतरलं की उचलते तशी. मेहुण्याचं बोट बटणावरच होतं. काचा सरसर खाली गेल्या.

संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मीटरने डोळे पुसले, स्वतःशीच हसला आणि राहिलेलं काम पुढ्यात ओढलं.

एवढ्यात टेबलफॅन थांबला.

एरवी त्याने आधी प्लग बघितला असता. आज त्याची नजर गिऱ्हाइकांच्या खुर्चीकडे गेली. तिची गादी हळूहळू खाली दबत होती.