आधी वाजलेली पावलं

सीमाला वाटलं होतं, इंग्लंडमधलं जुनं थिएटर म्हणजे लाल मखमलीचे पडदे, कठड्यांवर सोनेरी वेलबुट्टी आणि दार उघडताच येणारा पॉलिशचा वास. प्रत्यक्षात रीडिंगमधल्या त्या बंद थिएटरचं दार तिने खांद्याने ढकललं, तेव्हा कबुतरांच्या विष्ठेचा आणि ओल धरलेल्या गालिच्याचा वास अंगावर आला. भिंतीवर बिंगोचे आकडे अजून लटकत होते; सिनेमा बंद झाल्यावर इथे तो हाऊजीसारखा खेळ चालायचा.

ती डगमगली नाही. जन्म इथला, शाळा पाचगणीची, कॉलेज पुण्याचं. परतली ती एकच ध्यास घेऊन. इथल्या मराठी मुलींना नाचायला स्वतःची जागा हवी. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एक रविवार दिला होता. खेळ नीट झाला, तर थिएटर इथल्या मराठी मंडळाला. नाहीतर तिथे कार पार्क.

मंडळातल्या यादवरावकाकांनी याच थिएटरात बिंगो येईपर्यंत प्रोजेक्टर चालवला होता. त्यांच्या गराजमध्ये एका जुन्या हॉलिवूडपटाची रिळं पडून होती. काळा-पांढरा, नाचगाण्यांचा. नाटक कंपनीतली नर्तकी आणि तिच्या पियानोवाल्याची प्रेमकथा. आधी सिनेमा, मग स्टेजवर मुलींचा नाच, असा सीमाचा बेत होता. पाचगणीहून एवढी शिकून आलीस ती बिंगोवाल्या आज्यांना सिनेमा दाखवायला का, असं काका तिला चिडवत. पण मशीनला तेल घालायला रोज यायचे तेच.

नोव्हेंबर एकोणनव्वदचा तो शनिवार. दुपारीच बाहेर अंधारून आलं होतं. रिळं धड चालतात का, एवढंच बघायचं होतं. काका वर केबिनमध्ये गेले. सीमा मधल्या रांगेत कोटाची कॉलर वर करून बसली. हीटिंग नव्हतं. तिचा श्वास प्रोजेक्टरच्या झोतात धुरासारखा दिसत होता.

पडद्यावर नर्तकी आली. रिकाम्या रंगमंचावर एकटीच. तिचे ओठ हलले, पण गाणं ऐकू आलं नाही. मग ती नाचू लागली आणि तळव्यांना धातूच्या पट्ट्या लावलेले टॅपचे बूट वाजले. खणखणीत, कोरडे, अगदी जवळून. आवाज चांगला आहे, असं सीमाच्या मनात आलं. फक्त एक गोष्ट तिला जरा वेळाने जाणवली. आवाज आधी येत होता. टक्... आणि मग पडद्यावरचं पाऊल पडायचं. टक्-टक्... आणि मग ती दोन पावलं. जणू पडद्यावरची बाई ऐकून ऐकून नाचत होती.

रीळ संपलं. काका जिना उतरून आले. सीमाने त्यांना सांगितलं की गाणी येत नाहीत, आणि टॅपचा आवाज स्पष्ट असला तरी थोडा पुढे धावतोय, तेवढं जुळवा.

काका हात पुसता पुसता थांबले.

"कसला आवाज?"

"टॅपचा. अहो, अख्खं गाणंभर येत होता."

"अगं, साऊंडचा बल्ब मी लावलाच नाही. त्याशिवाय सिनेमाला आवाजच येत नाही. एकच उरलाय. उद्यासाठी ठेवलाय जपून."

मग काका खालच्या आवाजात सांगू लागले. त्या काळी नाच आधी शूट करत. नंतर स्टुडिओत दुसरीच एखादी मुलगी पडद्याकडे बघत त्याच तालावर पाय वाजवायची. तो आवाज सिनेमाला लावत. तिचं नाव कुठेच येत नसे.

"म्हणजे ती बघून वाजवायची," सीमा म्हणाली. "काका, इथे उलटं होतं. आवाज आधी..."

"चल. माझे गुडघे दुखतायत थंडीने."

दाराकडे जाताना लाकडी जमीन लागत होती. काकांच्या पायात रबरी तळव्यांचे बूट, त्यांचा आवाज होत नव्हता. सीमाने पाऊल उचललं. टक्... ते अजून हवेतच होतं. ती थांबली. पुढचं पाऊल वाजलं. मग नाइलाजाने तिने ते टाकलं.

"काका, तुम्ही ऐकलंत?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त दार जरा जास्तच घाईने उघडलं.

सकाळी ती शांत होती. रात्रभर तिने विचार केला होता. त्या स्टेजवर आज मुली उभ्या राहणार होत्या. धाकटी तर सात वर्षांची. जागा गेली तरी चालेल, मुलींना तिथे न्यायचं नाही. मंडळाच्या लोकांना तोंड कसं दाखवायचं, ते नंतर. तिच्या घराच्या फाटकाबाहेर डावीकडे कौन्सिलच्या माणसाचं घर, उजवीकडे थिएटर. थिएटरची किल्ली आत्ताच परत करायची, डावीकडेच वळायचं, असं तिने पक्कं ठरवलं आणि ती पायरीवर उभी राहिली.

रस्त्यावर कोणी नव्हतं. तिचे पाय अजून पायरीवरच होते. समोरच्या ओल्या फरशीवर तिच्याच चालीची पावलं वाजत गेली, फाटकापाशी क्षणभर थांबली आणि उजवीकडे वळली.