चढवलेली दोरी

घाटकोपरच्या भटवाडीतला सहदेव तावडे तुमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. फार बोलणारा माणूस नव्हता, म्हणून त्याने सांगितलेलं मी खरं मानतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शहाऐंशी साल. गिरणी बंद पडलेली, त्यामुळे सहदेव फिटर आता नुसता सहदेव राहिला होता. घरात मिळवतं कुणी नाही. पोरगी शकु मात्र तिरंदाजीत तरबेज. रेल्वेत खेळाडूंची भरती निघाली, निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि नेमकं क्लबातलं उसनं धनुष्य मोडलं. ही नोकरी हुकली तर खोली विकून गावी जायचं, एवढंच उरलं होतं. आणि गावात तरी काय ठेवलं होतं?

कुणीतरी सांगितलं, वर्सोव्याला रत्नप्रभाबाईंकडे एक जुनं आहे. बोटीवर कामाला असलेल्या त्यांच्या मुलाने ते परदेशातून आणलेलं, लाकडाचं, दोन्ही टोकं पुढे वळलेली. मुलगा बोटीवरून परत आलाच नाही. बाईंनी घासाघीस न करता ते देऊन टाकलं.

"बाण?" सहदेवने विचारलं.

"ते मी त्याच्यामागे समुद्रात सोडले." बाई दारापर्यंत सोडायला आल्या. "मेस्त्री, रात्री दोरी उतरवून ठेवत जा."

हे तर कुणीही सांगेल. दोरी चढवलेली राहिली की लाकडावर ताण येतो. सहदेवने मान डोलावली.

धनुष्याचा वरचा भाग पिळवटला होता. सहदेव रोज तो वाफेवर धरायचा आणि हळूहळू उलटा वळवायचा. मग काचपेपर, वार्निश, मेण लावलेली नवी दोरी. शकुने ओढून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"फक्त बाण न लावता सोडायचं नाही हां, आप्पा. सगळा झटका लाकडाला बसतो. मोडतंच."

खंडेनवमी आली. कोकणातला माणूस हत्यारांची पूजा चुकवेल कसा? पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, आणि मधोमध भिंतीला टेकवून धनुष्य.

"दोरी उतरवा ना," शकु म्हणाली.

"उतरवली की नुसती काठी दिसते गं. काठीची पूजा करू?"

आणि एकदा पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. दोरी चढलेलीच राहिली.

रात्री दोनच्या सुमारास टणत्कार झाला.

सहदेव उठून बसला. समई मंदावली होती. शकु झोपलेली. दोरी थरथरत होती... रिकामी.

मग ती ताणली गेली. मागे... आणखी मागे... ओढणारं कुणी नव्हतं. सुटली. वरच्या भागातून चर्र असा आवाज आला.

सहदेव भुताला भ्यालाच. पण त्या आवाजाला जास्त भ्याला. आणखी एकदा, आणि सगळं संपलं. पूजा मोडली तर मोडली म्हणत त्याने दोरी उतरवायला हात घातला. दोरी हलेना.

"नको रे बाबा," तो कुजबुजला. "पोरीचं आहे ते. तिच्यावर घर आहे."



दोरी परत मागे निघाली.

त्याने शकुचा एक बाण उचलला. डाव्या मुठीत धनुष्य धरलं. बाण दोरीवर बसवला. तोंड बंद दाराकडे केलं. उजवा हात काढून घेतला.

दोरी ओढली जातच होती. कानाशी कुणाचा तरी श्वास. गार. खारट.

सुटला.

मग काहीच नाही...

सकाळी दाराला आतून कडी होती. दारावर ओरखडा नव्हता. खोली उलटीपालटी केली, बाण मिळाला नाही. धनुष्य मात्र धडधाकट. शकुने त्यानेच नेम धरला आणि तिची निवड झाली.

सहदेव पेढे घेऊन वर्सोव्याला गेला. बाईंच्या दाराला कुलूप. शेजारच्या वनमालाबाई किल्ली घेऊन आल्या.

"खंडेनवमीच्या रात्रीच गेल्या हो. झोपेत. आजार नाही, अंगावर काही नाही. पण हे काय ते तुम्हाला कळतंय का बघा."

पुढे जे पाहिलं ते त्याने शकुला मरेपर्यंत सांगितलं नाही. पलंगाच्या उशाशी भिंतीत एक बाण रुतला होता. पिसांखाली शकुने स्वतःच्या हाताने गुंडाळलेला निळा दोरा होता.