मर्ल टॉलहर्स्टचा तुडतुडा

मर्ल टॉलहर्स्ट आली ती भांडायच्याच तयारीने. हातातली काठी तिने आधी दारावर आपटली, मग लेन मॅकार्डलच्या बुटावर.

"पाय आवर," ती म्हणाली. "मला दिसत नाही, पण मध्ये कोणीतरी धोंड पडलीय एवढं कळतं."

लेनने पाय आवरला. पोलिसात सार्जंट होऊन निवृत्त झालेला माणूस, पण तोंडाळ म्हाताऱ्यांपुढे त्याची दातखीळ बसायची. टेबलापलीकडे आयडा कोस्टान्झो गालातल्या गालात हसली. खाजगी तपासाचा धंदा आयडाचा. गाडी चालवणं, चहा करणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं, ही लेनची कामं.

खिडकीतून मळीचा वास येत होता. गळीत हंगाम चालू होता आणि अख्खं इंगम गाव त्या वासात बुडालं होतं.

"बसा, मर्लबाई. काय झालं?" आयडाने विचारलं.

"माझा किडा चोरलाय."

लेनला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"खोक, खोक," मर्लबाई म्हणाल्या. "तुडतुडा आहे तो. तांदळाच्या दाण्याहून लहान. तरुणपणी ब्रॉल्गा दलदलीत मी तो पकडला. नर, आणि तोही एकुलता एक. नवी जात होती, नाव मी ठेवलं. ज्या किड्यावरून नाव ठेवतात तो मूळ नमुना. तो टाचणीवर जन्मभर जपायचा, कारण ते नाव त्यालाच बांधलेलं असतं. आज तो गावच्या विलोबाय कीटकसंग्रहात हवा होता."

"आणि नाही?"

"तिथे किडा आहे. माझा नाही."

आयडाने लेनकडे पाहिलं. लेन चहा करायला उठला.

मर्लबाईंनी बाकीचं एका दमात सांगितलं. रॉय डॅल्झीलला ती दलदल उपसून ऊस लावायचा आहे. हा तुडतुडा जगात दुसरीकडे सापडलेला नाही, एवढ्यावरच दलदल आजवर टिकली. सोमवारी जिल्हा समितीचा निकाल. आणि या आठवड्यात तुडतुड्यांचा तज्ज्ञ हेमिश पेटीग्रू ब्रिस्बेनहून आला, मूळ नमुना तपासला आणि म्हणाला, ही जातच नाही. गवतावरचा साधा तुडतुडा आहे. टॉलहर्स्टबाई चुकल्या.

"तुम्ही चुकला नसाल कशावरून?" आयडाने सरळ विचारलं.

"मी नवऱ्याच्या बाबतीत चुकले. तुडतुड्यांच्या बाबतीत नाही."

"पण ओळखतात कसे? एवढासा तो जीव!"

"नराच्या पोटाच्या टोकावरून. बाकी अंग बघून काही कळत नाही, सगळे भाऊभाऊ दिसतात. ते टोक कापायचं, उकळून साफ करायचं आणि ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत ठेवायचं. कुपी त्याच टाचणीला, किड्याच्या खाली खोचायची. टोकातले आकडे पाहिले की जात ठरली. कुलपाला किल्ली असते ना, तसं."

"मग एकदा तुम्हीच बघा ना सूक्ष्मदर्शकातून," लेन म्हणाला.

मर्लबाईंनी पांढरट पडलेले डोळे त्याच्या आवाजाकडे वळवले. "कशाने बघू रे? तुझ्या डोळ्यांनी?"

लेनने त्यांच्या चहात न विचारता साखर घातली.

*

विलोबाय संग्रह म्हणजे खांबांवर उभं असलेलं लाकडी घर. आत डांबरगोळ्यांचा वास असा, की डोळे चुरचुरावेत. सांभाळणारी ग्लेनिस ओड पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. तिने आधी खोबऱ्यात घोळवलेला केक पुढे केला आणि मग खण उघडला.

"चाव्या माझ्याकडेच असतात," ती म्हणाली. "या खणापाशी मी कोणाला एकटं बसू देत नाही."

"कोणालाच नाही?" लेनने विचारलं. "पेटीग्रूला? डॅल्झीलला?"

"डॅल्झील मागे एकदा आले होते, किडा बघायला. दोघांनाही चहा मीच दिला."

"म्हणजे तुम्ही चहा करायला आत गेला होतात."

ग्लेनिसने ओठ चावला. "तेवढंच."

लेनने आयडाकडे अर्थपूर्ण पाहिलं. आयडा भिंगातून खणात बघत होती. टाचणी लख्ख, पोलादी. वर कागदाच्या त्रिकोणी चिमटीच्या टोकाला चिकटवलेला पिवळट तुडतुडा. खाली कुपी, त्याखाली मर्लबाईंच्या हातची चिठ्ठी: 'ब्रॉल्गा दलदल, दिव्यावर, म. टॉलहर्स्ट.' चिठ्ठीला एकच भोक होतं आणि भोकाच्या कडेला कागद हिरवा पडला होता.

"पंख तुटलेत की काय याचे?" लेनने डोकं खुपसलं. "अर्ध्या पाठीपर्यंतच आहेत."

"काहींचे तसेच असतात," ग्लेनिस म्हणाली. "मला नका विचारू. मी भुंग्यांची. तुडतुडे मला सगळे सारखेच."

"आणि या शेजारच्या टाचणीला हे हिरवं काय चढलंय?" आयडाने विचारलं.

"पितळी आहे ती. जुन्या सगळ्या पितळीच असायच्या. वर्षं गेली की गंजतात."

शेजारच्या खणात एक चिठ्ठी टाचणीवरून निसटून पडली होती. लेनला मदत करायची हौस. त्याने ती उचलली, नवी टाचणी घेतली आणि खुपसणार, तोच ग्लेनिसने त्याचं मनगट धरलं. त्या मऊ बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"जुन्या भोकातून!" ती म्हणाली. "दुसरं भोक पाडायचं नाही. आमच्यात ते पाप आहे."

"कागदच तर आहे," लेन पुटपुटला.

"माझ्या हातून आजवर एकाही चिठ्ठीला दुसरं भोक पडलेलं नाही," ग्लेनिस म्हणाली, आणि लाजली.

*

हेमिश पेटीग्रू हॉटेलच्या ओसरीत खिमा भरलेला 'मीट पाय' नावाचा पदार्थ खात बसला होता. मिशीला रस लागला होता, पण ऐट कमी नव्हती.

"मर्लने माझा पहिला निबंध भर सभेत फाडला होता," तो म्हणाला. "लपवत नाही. पण मी सूड घ्यायला एवढ्या लांब आलेलो नाही. समितीने बोलावलं म्हणून आलो. टोक पाहिलं, साधा तुडतुडा निघाला. संपलं."

"चिठ्ठीवर काय लिहिलंय?" आयडाने विचारलं.

"वाचली नाही."

"वाचली नाही?"

"बाई, चिठ्ठी माणूस लिहितो. माणूस चुकतो, खोटं बोलतो. मी टोक तेवढं वाचतो. अंग बघायचीही मला गरज पडत नाही."

"फार सोपं आयुष्य आहे तुमचं," आयडा म्हणाली.

बाहेर आल्यावर लेन फुसफुसला, "हाच तो. सभेतला अपमान माणूस विसरत नाही."

"तू तर सकाळी चावी कुठे ठेवलीस तेही विसरलेला दिसतोस. गाडी काढ."

रॉय डॅल्झील फडाच्या कडेला ऊस नेणाऱ्या छोट्या मालगाडीच्या चाकात हात घालून बसला होता. ग्रीसने माखलेला अंगठा लेनच्या मनगटाएवढा.

"तुडतुडे मला शिकवू नका," तो गुरकावला. "त्यांच्यापायी बापाचा ऊस रोगाने बसला. लांब पंखांचे असतात ते उडत येतात, दिव्याभोवती नाचतात, सूपच्या वाटीत पडतात. आखूड पंखांचे बुडख्याशी चिकटून बसतात. त्यांना उडता येत नाही. जन्मले तिथेच मरतात."

"संग्रहात कशाला गेला होतास?" लेनने पोलिसी आवाज काढला.

"माझ्या जमिनीवर कोण बसलंय त्याचं तोंड बघायला! एवढासा! मला तो नाहीसाच करायचा असता तर त्या पेटीसकट नदीत फेकला असता. मगरीही हसल्या असत्या."

परतताना लेनचा संशय डॅल्झीलवर सरकला. चहाला उठली ती बाई, तेवढ्यात काम झालं. आयडाने फक्त सगळ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी संग्रहात बोलवायला सांगितलं.

*

खोलीत सहा माणसं मावत होती, पण डॅल्झील दोघांची जागा खात होता. मर्लबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"किडा बदललाय," आयडाने सुरुवात केली. "मर्लबाई म्हणतात म्हणून नाही. चिठ्ठीचं भोक हिरवं पडलंय. म्हणजे ती गंजक्या पितळी टाचणीवर वर्षानुवर्षं होती. आज जी टाचणी आहे ती लख्ख पोलादी. चिठ्ठी एका टाचणीवरून काढून दुसरीवर चढवली. सोबत किडा आला, किड्याची कुपी आली. पेटीग्रूसाहेबांनी त्या कुपीतलं टोक पाहिलं. ते खरोखरच साध्या तुडतुड्याचं होतं."

हेमिशने मिशीवरून हात फिरवला.

"आता आणखी एक. चिठ्ठी म्हणते, दिव्यावर पकडला. आणि हा किडा आखूड पंखांचा. डॅल्झील, आखूड पंखांचा तुडतुडा दिव्यावर येतो?"

"दिव्यावर? पायऱ्या चढून येईल का?"

मर्लबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "आखूड पंखांचा ठेवला? माझ्या चिठ्ठीवर? हेमिश, गाढवा, तुला दिसलं नाही?"

हेमिशचा चेहरा पडला. "मी अंग... मी चिठ्ठी वाचली नाही."

"ते खरं असावं," आयडा म्हणाली. "कारण तुम्ही बदलला असता तर चिठ्ठी हातात धरावीच लागली असती. मग 'दिव्यावर' दिसलं असतं आणि तुम्ही लांब पंखांचा निवडला असता. डॅल्झीललाही पंखांतला फरक कळतो. शिवाय त्या अंगठ्याने ती चिठ्ठी सोडवून, त्याच जुन्या भोकातून नव्या टाचणीवर चढवणं? फाडलीच असती."

"फाडलीच असती," डॅल्झीलने कबूल केलं.

"म्हणजे हे केलं ते अशा हातांनी, ज्यांना चिठ्ठीला दुसरं भोक पाडवत नाही. पण ज्यांना तुडतुडे सगळे सारखेच दिसतात."

लेनने हळूच मान वळवली. खोलीतल्या सगळ्यांनीच वळवली.

ग्लेनिसने हात मांडीवर घट्ट धरले होते. "मी दलदलीसाठी नाही केलं," ती म्हणाली. "डॅल्झीलनी मला काही दिलं नाही."

"मी काय देणार? मी तुझा चहा प्यायलो," डॅल्झील म्हणाला.

"एका पावसाळ्यात आई आजारी होती. खणातल्या डांबरगोळ्या बदलायच्या राहिल्या. खण उघडला तर अळी लागलेली. भुंग्याचीच अळी. किड्याच्या जागी नुसता भुसा उरला होता. साध्या तुडतुड्यांच्या खणात कुपी लावलेला हा एकच होता. उचलला. एवढ्या वर्षांत तो खण कोणी मागितला नव्हता. वाटलं, कोण बघणार?"

"आणि मला सांगायला काय धाड भरली होती?" मर्लबाई कडाडल्या.

"सांगायलाच आले होते. तुम्ही ओसरीत बसला होता, कोणाला तरी बिनडोक म्हणत होता."

"कोणाला?"

"मलाच. संग्रहातली खिडकी उघडी राहिली म्हणून."

मर्लबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवायचीच नसते."

"झालं तर," हेमिश उठला. "मूळ नमुना नष्ट झालाय. वाईट वाटतं, मर्ल. पण खुंटाच नाही तर नाव कशाला बांधणार? समितीला मी एवढंच सांगू शकतो."

डॅल्झीलने टोपीकडे हात नेला.

"बसा," आयडा म्हणाली. "ग्लेनिस, अळीने किडा खाल्ला. पण टोक ग्लिसरीनमध्ये होतं, बूच लावलेल्या कुपीत. तिथे अळी जात नाही. तुझ्या हातून चिठ्ठीला दुसरं भोक पडत नाही आणि ती कुपी तू कचऱ्यात टाकलीस, असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. कुठे आहे?"

ग्लेनिस उठली. भुंग्यांच्या कपाटाचा तळाचा खण तिने ओढला. काळ्या, चकचकीत भुंग्यांच्या रांगेमागे, कोपऱ्यात, एक रिकामी टाचणी उभी होती. पितळी, हिरवी पडलेली. खाली काचेचा एक थेंब असावा अशी कुपी. आयडाने चिठ्ठी तिच्या शेजारी धरली. भोकाच्या कडेचा हिरवा आणि टाचणीवरचा हिरवा, एकच.

"रोज बघायचे," ग्लेनिस म्हणाली. "सुकू नये म्हणून ग्लिसरीन घालायचे."

लेनला एकदम खोकला आला. या वेळी खरा.

हेमिशने बूच काढलं. सुईच्या टोकावर ते टोक उचलून काचेवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"मनातल्या मनात बघू नकोस," मर्लबाई म्हणाल्या. "मोठ्याने सांग."

"दोन आकडे आहेत. बाहेर वळलेले, टोकाला दुभंगलेले. साध्या तुडतुड्याचे सरळ असतात." त्याने घसा साफ केला. "हा तो नाही. असं टोक मी कुठेच पाहिलेलं नाही. जात वेगळी आहे, मर्ल. समितीला मी आजच तसं कळवतो."

"आणि ही बाई माझ्याबरोबर समितीपुढे येईल आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगेल. हो ना गं?"

"हो," ग्लेनिस म्हणाली.

"आणखी काय दिसतंय?"

"एवढंच."

"एवढंच नाही. उजेड खालून घे. डाव्या आकड्याच्या मुळाशी बघ. आत वळलेला एक काटा आहे, केसासारखा. मी त्याचं चित्र आठवडाभर काढत बसले होते."

हेमिशने सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा फिरवला. डॅल्झील टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. हेमिश पुन्हा वाकला, चकती एक केसभर फिरवली, श्वास रोखला. मर्लबाईंचे पांढरे डोळे खिडकीकडे होते.

"आहे," तो म्हणाला.