नारळांच्या बदल्यात

"एक पोतं पुस्तकं आहेत. चाचे, ओसाड बेटं, तापानं फणफणलेले गोरे साहेब, केळीच्या मळ्यात हरवलेल्या मडमा... सगळ्या थापा, पण सुरेख थापा. नारळांच्या बदल्यात देतो. 'ग्वेनॉल' बोटीवरून एमरिस बोलतोय. ओव्हर."

तो आवाज पहिल्यांदा कानी पडला तेव्हा योरुन कॉफीत साखर ढवळत होती. पनामाच्या या खाडीत नांगर टाकून तिला थोडेच दिवस झाले होते. नॉर्वेहून भावाबरोबर आली होती; भाऊ उकाड्याला वैतागून विमानानं घरी गेला आणि बोट नि बहीण इथंच राहिली. रोज सकाळी खाडीतल्या सगळ्या शिडाच्या बोटी वायरलेसवर जमत. आधी हजेरी, मग हवामान, मग देणंघेणं. त्या सकाळी खरखरीतून हा आवाज आला. पावसात भिजलेल्या लाकडासारखा जडसर, आणि आतून हसरा. चमचा कपातच थांबला.

दुपारी सर कोसळत असताना ती होडकं वल्हवत 'ग्वेनॉल'पाशी पोचली. होडक्यात नारळच नारळ.

ताडपत्रीखालून एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. "हे काय?"

"नारळ."

"ते दिसतंय मला. पण कशाला?"

"पुस्तकं नारळांच्या बदल्यात देतो म्हणालात ना तुम्ही?"

तो बघतच राहिला. मग असा हसला, की बोटच हलायला लागली. "अहो बाईसाहेब, आपल्यासारख्या परदेशी बोटीवाल्यांना इथं काही विकायला बंदी आहे. म्हणून 'नारळांच्या बदल्यात' म्हणायचं. नुसतं म्हणायचं हो! खरे नारळ आजवर कोणी आणले नव्हते..."

योरुन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "मग... परत नेऊ?"

"खबरदार!" म्हणत त्यानं हात पुढे केला. ओला, खरबरीत, उबदार हात. तिनं तो जरा जास्तच वेळ धरला... का त्यानं?

त्या दिवसापासून खाडीभर तिचं नाव पडलं, 'नारळवाली'. किनाऱ्यावर दुकान चालवणारी मिस युडोरा, जिच्या झाडाचे ते नारळ, ती तेवढी कधी चिडवायची नाही. नुसती गालात हसायची. योरुनही उलटून बोलायची नाही; मान खाली घालून दोर गुंडाळत बसायची.

संध्याकाळी ताडपत्रीखाली दोघं ती पुस्तकं वाचत. तो मोठ्यानं वाचे, ती थापा पकडे.

"अमेझॉनच्या काठी सिंह? लाज नाही वाटत लिहिणाऱ्याला?"

"सिंह फिरायला आला असेल गं."

"पोहत?"

"नाही, तुझ्यासारखा होडकं वल्हवत. नारळ घेऊन."

अशी वर्षं गेली, पाण्यावरून बगळे जावेत तशी. एक नारळ 'ग्वेनॉल'वरच्या बादलीत राहून गेला होता, त्याला कोंब फुटला. कोंबाचं झाड झालं. दोघांतलं जे काही होतं, तेही वाढत होतं, पण नाव न घेता. सकाळची हजेरी आता योरुन घ्यायची. 'ग्वेनॉल' म्हणताना तिचा आवाज किंचित हळू होई, आणि सगळ्या खाडीला ते ठाऊक होतं.

मग एमरिसचं स्वतःचं पुस्तक छापून आलं. या खाडीवरचं, इथल्या परदेशी माणसांवरचं. योरुननं ते एका बैठकीत वाचलं आणि तरातरा त्याच्या बोटीवर गेली.

"मिस युडोराच्या मोडक्या खुर्चीला अख्खं पान. माझ्या गळक्या पंपाला सुद्धा दोन ओळी. आणि मी? मी कुठंय?"

एमरिस नकाशाची घडी घालत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कालव्याकडे निघणार होता. कालव्यातून पॅसिफिक, आणि पॅसिफिकातून माघारी कोण येतं?

"तुझ्याबद्दल... लिहिता नाही आलं मला."

"पंपाबद्दल आलं!"

"पंप सोपा आहे, योरुन."

एक शब्द बोलली असती तर तो थांबला असता. पण तो शब्द पहिल्या दिवसापासून जिभेखाली धरून ठेवलेला. ऐन वेळी कसा सुटावा? "बरं," ती म्हणाली. "जा मग."

पहाटे तो गेला. आणि त्याच रात्री उत्तरेकडून वादळ आलं. दोर किंचाळत होते, नांगर ओढ खात होते. योरुन अंधारात गुडघ्यांना मिठी मारून बसली. समुद्रात एकटी बोट, बोटीत एकटा माणूस. आणि शेवटचा शब्द काय, तर 'जा'.

सकाळी पाणी असं निजलं होतं, जसं काही झालंच नाही. तिनं माइक उचलला. एकेक बोट हजर झाली. गेलेल्या बोटीचं नाव हजेरीत घ्यायचं नसतं. तिनं घेतलं.

"'ग्वेनॉल'... 'ग्वेनॉल'... ओव्हर."

खरखर.

"'ग्वेनॉल'... आहेस का रे?" ओव्हर म्हणायचं ती विसरली.

खरखर. आणि मग, ओल्या लाकडासारखा—

"'ग्वेनॉल' हजर. ओव्हर."

योरुन होती तिथंच फळीवर बसली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती. हा वायरलेस पोचतो किती दूर? डोळ्यांना दिसतं त्याच्या जरासा पुढं. म्हणजे तो जवळ होता. म्हणजे तो परत फिरला होता!

"कुठं आहेस? बोट बरी आहे ना?"

"बेटाच्या टोकाला वळसा घालतोय. शीड फाटलंय थोडं. नारळाचं झाड पोटाशी धरून बसलो होतो, त्याला काही झालेलं नाही."

"मग मागं का फिरलास?"

"देणंघेणं सुरू झालं का गं?"

"झालं... समज."

"मग ऐक. माझ्या पुस्तकात जे जे आहे, त्यात थाप आहे. शार्क चांगला हातभर वाढवलाय मी. युडोराची खुर्ची तर रात्री आपोआप डुलते असं ठोकून दिलंय. तुझ्याबद्दल लिहायला बसलो, की थाप सुचतच नाही. नुसतं खरं सुचतं. आणि खरं आधी तुला सांगायचं, मग छापायचं, एवढी अक्कल काल वादळात आली. माझं प्रेम आहे तुझ्यावर, योरुन. बोटीवर एका माणसाची जागा आहे. द्यायचीय. ओव्हर."

"अरे, कशाच्या बदल्यात ते सांग की!" दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून कोणी ओरडलं.

"गप बसा रे मेल्यांनो!" दुकानातल्या वायरलेसवरून मिस युडोरा कडाडली. "माझ्या पोरीला बोलू द्या."

खाडी गप्प झाली. योरुननं माइक ओठांशी धरला.

"एमरिस... माझी पण एक थाप आहे. पहिल्या दिवसापासूनची. नारळ हे नुसतं म्हणायचं असतं, ते मिस युडोरानं मला आधीच सांगितलं होतं. तुझ्याकडे आले तेव्हा मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग होडकंभर नारळ, एवढ्या पावसात..."

"मला तो आवाज कोणाचा आहे, ते बघायचं होतं."