बाद झालेली मुलाखत

चौकातल्या बाकावर बसून कोण कुठे थांबतं, कोण कुणाशी बोलतं हे टिपून ठेवणं, ही तिची नोकरी. रस्ता रुंद करायचा की नाही, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. तिसऱ्या दिवशी तिच्या चष्म्याची काडी तुटली आणि ती समोरच्या दुकानात शिरली.

"सगळ्यांबद्दल लिहिता," काडी बसवत चष्मेवाला म्हणाला. "माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"तुम्ही... फार वेळ दुकानाबाहेर उभे असता."

"तीन दिवसच झाले तसं व्हायला."

त्याने चष्मा तिच्या कानांवर नीट बसवला. तिला समोरचं सगळं स्वच्छ दिसू लागलं, तरी ती जमिनीकडेच पाहत राहिली.

रस्ता वाढला तर पहिलं त्याचंच दुकान जाणार होतं. त्याचं म्हणणं अहवालात हवंच, म्हणून तिने रीतसर त्याची मुलाखत घेतली.

ऑफिसात मोठ्या बाईंनी ती वाचली. "चाळीस मिनिटांत हा अकरा मिनिटं बोललाय. बाकी सगळं तुझंच, आजोळापासून दाढदुखीपर्यंत! आपण ऐकायला जातो गं."

"बाई, ते—"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. त्याच्याशी तुझं काही नाही, असं लिहून दे. मुलाखत ठेवते. नाहीतर बाद. उद्या दुसरं कुणी जाईल, आणि तुला तो चौक बंद."

तिने पेन उचललं. एक सही, आणि चौकही राहिला असता, मुलाखतही. पण खोटी नोंद तिने कधी केली नव्हती. पेन खाली ठेवून ती तडक दुकानात गेली.

"तुमची मुलाखत बाद झाली. उद्या माझे सहकारी येतील. त्यांना सगळं नीट सांगा, दुकानाचा प्रश्न आहे."

"बाद का?"

"कारण मी... तटस्थ नाही. तुमच्या बाबतीत." तिचे कान तापले. "मला तुम्ही आवडता. झालं!"

चष्मेवाला बराच वेळ काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "लांब उत्तर दिलं की तुम्ही लगेच पुढचा प्रश्न विचारायचात. 'हो', 'नाही' म्हटलं, की स्वतःबद्दल बोलायला लागायचात... म्हणून मी 'हो', 'नाही' वरच भागवलं."

"अहो, दुकान जाणार होतं तुमचं!"

"उद्या बोलतो की दुकानासाठी, तास-दोन तास," स्टूल पुढे सरकवत तो म्हणाला. "आज तुम्ही बोला."